वारस नोंदीच्या आधी

खालापूर तालुक्यातल्या चौकच्या नाक्यावर ‘दुःखद निधन’चा बॅनर लागला की तो वाचायला कोणी थांबत नाही, कारण मजकूर सगळ्यांना पाठ असतो. मोठा करून लावलेला पासपोर्ट फोटो, डोक्यावर सरळ केलेली टोपी, खाली दशक्रिया विधीची तारीख आणि नदीकाठचं ठिकाण, प्रवचनकार ह.भ.प. अमुक, उत्तरकार्य राहत्या घरी, आणि मग ‘शोकाकुल’ म्हणून गावभरची नावं. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याबद्दल मात्र एक वाक्य नसतं. मुलगा किंवा मुलगी परदेशात असली तर हाच बॅनर फोनवरून तिथल्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर येतो. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते आणि संध्याकाळी विषय बदलतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्यांनी दुसरी तऱ्हाही पाहिली आहे. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिनच्या छोट्या गावांत नॉर्वेजियन, स्वीडिश नाहीतर जर्मन वंशाचा एखादा म्हातारा लुथरन शेतकरी गेला की स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा मृत्युलेख येतो. जन्म कुठे झाला, बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन कोणत्या चर्चमध्ये, लग्न कोणाशी, दुभती जनावरं कधीपर्यंत होती, धान्याच्या सहकारी संस्थेत कोणतं काम पाहिलं, मागे कोण कोण आहे. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायका जेवण मांडतात आणि लोक त्या लेखातल्या चुका काढत बसतात. ही सवय जुनी आहे. स्वीडनमध्ये 1686 च्या चर्च कायद्याने पाद्र्यांना गावाच्या वह्या ठेवायला लावल्या. पुढे घरोघर जाऊन कोणाला वाचता येतं, लुथरची प्रश्नोत्तरी कोणाला किती येते, हेही त्यांत लिहिलं जाई. हेतू धर्मावर नजर ठेवण्याचा होता, पण त्यामुळे साध्या कुळवाड्याचंही नाव शंभर ठिकाणी उरलं.

आपल्याकडे शेतकरी कागदावर येतो तो जमिनीपुरता. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कळवायचं, वारसांचा फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर मयताचं नाव कंसात जातं. त्याच उताऱ्यावर पीक असतं, आकार असतो, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असतो. माणूस तेवढा नसतो.

आणि चौक, कर्जत भागातल्या आज नव्वदीला टेकलेल्या पिढीबाबत हे फारच अन्यायाचं आहे. यातल्या अनेकांचे बाप खंडाने जमीन कसणारी कुळं होती. कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरवला आणि कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. सातबाऱ्यावर पहिल्यांदा आपलं नाव पाहिलेला माणूस त्या कागदाला देव्हाऱ्याशेजारी का ठेवत होता, हे त्याच्या नातवाला कोणी सांगितलं नाही, तर नातवाला तो कागद म्हणजे गुंठ्याचा भाव वाटणारच.

त्याचं कामही लिहिण्याजोगं होतं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेली कवळं यांचे थर देऊन वर माती लोटायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन राब भाजायचा. आग हळू चालली पाहिजे, भडकली तर माती नीट भाजत नाही. मग त्यावर धूळपेरणी, पाऊस लागला की रोपं काढून मुठी बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात लावणी. कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. पुढे कर्जतच्या संशोधन केंद्राची ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ अशी बियाणी आली. कुठलं बी कुठल्या खाचराला मानवतं, हे ज्याने पाहून ठरवलं त्याचं नाव कुठल्याच अहवालात नाही.

कोणी म्हणेल, मोठं काम केलेल्यांची आठवण राहतेच. राहते, पण कशाने? माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेले, म्हणून दरवर्षी तिथे लोक जमतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे 3 जून 2018 ला गेले तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या, कारण एचएमटी भात त्यांनी शोधलं होतं. पण त्यांचा शोध सुरू झाला तो शेतात वेगळी दिसलेली लोंबी बाजूला ठेवण्यापासून, आणि ती सवय त्यांच्या एकट्याची नव्हती. हुतात्मा किंवा संशोधक झाल्याशिवाय शेतकऱ्याला मृत्युलेख नाही, हा नियम कोणी केला?

दुसरं टोक चौकच्या डोक्यावरच आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. ठाकरांची ही वाडी गाठायला डोंगर चढावा लागे. आकडे जगभर गेले, मदत आली, पुनर्वसनाची घरं बांधली गेली. पण त्या उतारावर नाचणी-वरी कोण कसं पिकवत होतं, याच्या दोन ओळीही आपल्यापर्यंत आल्या नाहीत.

लुथरन नमुना निर्दोष आहे असं नाही. तोही ठोकळेबाजच आहे. 1980 च्या दशकात कर्जापायी गेलेली शेतं त्यात ‘निवृत्त झाले’ या शब्दांत झाकली जातात. तरी ठोकळ्याचा एक फायदा आहे: तो रकाने भरायला लावतो. आणि त्यात बायकोचं नाव येतं. आपल्या सातबाऱ्यावर जन्मभर लावणी केलेल्या बाईचं नाव बहुतेक वेळा नवरा गेल्यावरच चढतं.

म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकात जाहिरातींची दोन पानं कमी करावीत आणि वर्षभरात गेलेल्या शेतकरी आई-वडिलांवर, सासू-सासऱ्यांवर चारशे-चारशे शब्द छापावेत. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ चालणार नाही. खाचरांची नावं हवीत, बैलांची हवीत, सोसायटीचं कर्ज कशासाठी काढलं ते हवं, भांडणंही हवीत. ‘घरातल्यांना माहीत आहे की’ हा आक्षेप येईल, पण शिकागोत वाढलेली मुलं घरातलीच आहेत आणि त्यांना माहीत नाही.

घाईचं कारणही आहे. द्रुतगती मार्ग, मोरबे धरण, 2013 पासून विमानतळाभोवतीचं ‘नैना’ नियोजन क्षेत्र, शेजारी विमानतळ. या पट्ट्यात म्हातारा गेला की दिवसकार्याच्या आधी जमिनीची विचारणा येते. परदेशातला वारस वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करतो, गावातल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र मागितलं जातं. ती सही मागायला जो फोन होतो, त्याच फोनवर तिला विचारता येईल की बाबांच्या लावणीला कोण कोण यायचं, आणि तिला स्वतःला कितव्या वर्षी चिखलात उतरवलं. पहिलं उत्तर बहुधा ‘आता कशाला हवंय तुला?’ असंच येईल. तेही छापावं.