सर्दीची गोळी आणि स्तनाचा कर्करोग : कुलूप सापडलं, पण किल्ली कुठे फिरवायची?



दहावीचा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. सगळी मुलं बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, ॲलर्जीच्या गोळीने कॅन्सर बरा होतो का?" तिच्या आईच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं होतं आणि टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी चालू होती. त्या गोळीने आईच्या अंगातून गरम वाफा निघायच्या, रात्रीची झोप उडायची. अशात कुणीतरी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, की ॲलर्जीची साधी गोळी घेणाऱ्या बायका कॅन्सर होऊनही जास्त जगतात, परदेशातल्या विद्यापीठाने शोधलंय. मग घरात चर्चा सुरू झाली : ही त्रासाची गोळी बंद करून ती दोन-चार रुपयांची का घेऊ नये?

मी घाईत होते. "नाही गं, असलं काही नसतं," म्हटलं आणि स्टाफरूमकडे निघाले. रात्री शोधून वाचायला बसले तेव्हा कळलं, की माझं उत्तर चुकलं होतं. 'असलं काही' आहे. मेसेजमध्ये जे लिहिलं होतं ते नाही, पण त्याच्या मागे खरं संशोधन आहे. माझ्या मते, आपण शिक्षक अशा प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देऊन मोकळे होतो, आणि इथेच मुलं आपल्या हातून सुटून मोबाईलच्या हाती लागतात. म्हणून हा लेख.

आधी हिस्टामिन म्हणजे काय ते पाहू. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून आपलं शरीर हा छोटासा रेणू बनवतं. गांधील चावल्यावर येणारी गांध, धुळीने येणाऱ्या शिंका, नाकाचं पाणी यांच्यामागे तोच असतो. 1910 साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याचे शरीरावरचे परिणाम सविस्तर मांडले. पण हिस्टामिन स्वतः काहीच करत नाही. पेशीवर त्याच्यासाठी रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं. वर्गात आपण फळ्यावर कुलूप-किल्लीचं चित्र काढतो ना, तसंच : हिस्टामिन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप.

गंमत अशी, की या एका किल्लीची कुलुपं चार आहेत. पहिल्या पिढीच्या ॲलर्जीच्या औषधांनी खाज थांबायची, शिंका थांबायच्या, पण हिस्टामिनमुळे पोटात सुटणारं आम्ल काही थांबत नव्हतं. म्हणजे पोटातलं कुलूप वेगळं असणार! जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये ते दाखवून दिलं आणि त्यावर बसणारं औषधही तयार केलं. त्यातूनच सिमेटिडिन आलं, आणि ब्लॅकना 1988 चं नोबेल मिळालं. एच-1 नाकाचं आणि खाजेचं, एच-2 पोटाचं. एच-3 मुख्यतः मेंदूतलं, ते 1983 मध्ये सापडलं. एच-4 प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर असतं आणि ते 2000 च्या सुमारास ओळखलं गेलं. ही गोष्ट अकरावीच्या मुलांना जरूर सांगा. निरीक्षण नीट केलं की 'न थांबलेली' गोष्टही किती शिकवून जाते, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता स्तनाचा कर्करोग. या रोगात 'कुलूप ओळखून औषध' ही पद्धत आधीच दोनदा यशस्वी झालेली आहे, हे विसरू नका. पुष्कळ गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा रिसेप्टर असतो. टॅमॉक्सिफेन तिथे जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. असा रिसेप्टर असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. दुसरं यश म्हणजे हर-2 हा रिसेप्टर आणि त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब, 1998 पासूनचं. त्यामुळे गाठीत हिस्टामिनचे रिसेप्टर सापडले तेव्हा संशोधकांनी त्यांच्याकडे आशेने पाहिलं, यात वेडेपणा काहीच नाही.

पण इथून पुढे आपलं फळ्यावरचं चित्र अपुरं पडतं.

अर्जेंटिनात ब्युनोस आयर्समध्ये एक गट या विषयावर अनेक वर्षं काम करतोय. त्यांनी माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. या पेशी अशा प्रकारच्या होत्या, की त्यांच्यावर इस्ट्रोजेनचंही कुलूप नाही आणि हर-2 चंही नाही. म्हणजे ज्या रुग्णांसाठी नव्या औषधाची गरज सर्वात जास्त आहे, तोच प्रकार. या पेशींवरचा एच-4 रिसेप्टर चालू केला की त्यांची वाढ मंदावली. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांमध्ये त्या पेशींच्या गाठी वाढवल्या, तिथेही तेच दिसलं. लक्षात घ्या, कुलूप *उघडल्यावर* फायदा झाला, बंद केल्यावर नाही.

मग त्याच गटाने 2019 मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी उंदरांची प्रतिकारशक्ती शाबूत होती, पण काही उंदरांच्या शरीरात एच-4 चं जनुकच नव्हतं. अंदाज काय कराल? कुलूपच नाही म्हटल्यावर गाठ मोठी व्हायला हवी. झालं उलटं. त्या उंदरांच्या गाठी लहान राहिल्या आणि फुप्फुसात पसरणंही कमी झालं. कारण तेच कुलूप कर्करोगाच्या पेशीवर एक काम करतं आणि रोगप्रतिकारक पेशींवर दुसरंच. गाठ म्हणजे नुसता कर्करोगाच्या पेशींचा गोळा नसतो. ती एक वस्ती असते आणि त्या वस्तीत पोलीसही राहतात. मग एच-4 चालू करणारं औषध हवं की बंद करणारं? की ठराविक पेशींपुरतंच काम करणारं? याचं पक्कं उत्तर मिळाल्याशिवाय माणसासाठी औषध निघत नाही.

एच-1 ची कहाणी आणखी वेगळी आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी दाखवलं, की गाठीत शिरलेल्या महाभक्षी पेशींवर एच-1 असतो आणि हिस्टामिन तिथे बसलं की लढणाऱ्या टी-पेशी सुस्तावतात. उंदरांमध्ये एच-1 बंद करणारं औषध इम्युनोथेरपीच्या जोडीला दिल्यावर उपचार जास्त लागू पडला. इथे कुलूप *बंद करणं* फायद्याचं. म्हणजे 'हिस्टामिन कर्करोगाला मदत करतं की विरोध?' हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. कोणतं कुलूप, कोणत्या पेशीवर, हे आधी विचारायला हवं.

आता तो मेसेज. तो बहुधा स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधनावरून निघाला असावा. तिथे राष्ट्रीय नोंदींवरून दिसलं, की लोराटाडिन किंवा डेसलोराटाडिन घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांचं जगण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा चांगलं होतं. ही माहिती खरी आहे. पण तो प्रयोग नव्हता, नोंदींचा अभ्यास होता. गोळी कुणी घ्यायची हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं.

त्याने काय फरक पडतो, असं पालक विचारतील. त्यांना आपल्याच खात्यातलं उदाहरण द्या. महाराष्ट्रात शिक्षकांना 24 वर्षांच्या सेवेनंतर निवड श्रेणी मिळते. आता निवड श्रेणी मिळालेल्या आणि न मिळालेल्या शिक्षकांची सरासरी सेवा मोजा. मिळालेल्यांची सेवा कितीतरी जास्त भरेल. मग निवड श्रेणीमुळे शिक्षक जास्त वर्षं टिकतात असं म्हणायचं का? अहो, टिकले म्हणून तर श्रेणी मिळाली! तसंच, निदानानंतर जी बाई बरीच वर्षं जगली, तिलाच मध्ये कधीतरी सर्दी होऊन गोळी मिळण्याची संधी असते. चांगले संशोधक हा फसवा फरक गणिताने काढून टाकायचा प्रयत्न करतात. तरीही ॲलर्जी असलेल्या माणसाची प्रतिकारशक्तीच वेगळी असेल का, वारंवार डॉक्टरकडे जाणाऱ्यांचा रोग लवकर लक्षात येतो का, अशा शंका शिल्लक राहतातच. (स्टाफरूममध्ये हे उदाहरण सांगितलं तेव्हा निम्मी चर्चा श्रेणीच्या थकबाकीकडे वळली, तो भाग सोडा.)

मग खात्री करायची कशी? त्यासाठी लांब जायला नको. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने देशातल्या इतर केंद्रांना बरोबर घेऊन, दाताच्या डॉक्टरांकडे मिळतं ते भूल देणारं लिग्नोकेन तपासलं. सुमारे 1600 स्त्रियांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटात ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती इंजेक्शन दिलं, दुसऱ्या गटात नाही. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटात 90.1 टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात 86.4 टक्के. स्वस्त, जुनं औषध कर्करोगात उपयोगी पडूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. आणि व्हॉट्सॲपवाल्यांनीही वाचावं, कारण एवढं सगळं केल्यावरच तसं म्हणता येतं. हिस्टामिन रिसेप्टरवर काम करणारं एकही औषध स्तनाच्या कर्करोगावरचा उपचार म्हणून आज मान्य झालेलं नाही.

एक गैरसमज मी दोन-तीन पालकांकडून ऐकला. केमोच्या आधी सलाईनमधून ॲव्हिलसारखं ॲलर्जीचं औषध देतात, म्हणजे ते कॅन्सरवर चालतंच, असं त्यांना वाटतं. ते देतात पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची तीव्र रिॲक्शन येऊ नये म्हणून. कर्करोगासाठी नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातलं एक विकर त्याचं जास्त प्रभावी रूप तयार करतं. खोकल्याच्या काही औषधांत असतं ते डायफेनहायड्रामिन, म्हणजे जुन्या पद्धतीचं ॲलर्जीचं औषध, नेमकं याच विकराला अडवतं. त्यामुळे 'साधीच तर गोळी आहे' हे वाक्य या रुग्णांच्या बाबतीत तरी वापरू नका. डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी काही लिहून दिलं असेल तर घाबरून ते बंदही करू नका. मात्र आपण होऊन काही सुरू करायचं असेल, तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवा. टॅमॉक्सिफेनचा त्रास होत असेल तर तोही त्यांनाच सांगा. त्यावर उपाय असतात, पण बायका सांगतच नाहीत, सोसत राहतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, काल मी चुकीचं सांगितलं. फळ्यावर एक किल्ली काढली, चार कुलुपं काढली. एच-4 च्या दोन प्रयोगांपर्यंत आल्यावर तिनेच विचारलं, "मग मॅडम, आईच्या गाठीवर कोणतं कुलूप होतं?" म्हटलं, रिपोर्टवर बघ, 'ईआर पॉझिटिव्ह' असं काहीतरी लिहिलेलं असेल. ती संध्याकाळी रिपोर्टचा फोटो घेऊन आली. तसंच लिहिलेलं होतं. आईने गोळी बंद केलेली नव्हती. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय काय विचारायचं, त्याची यादी आम्ही दोघींनी तिच्या वहीच्या मागच्या पानावर केली. पहिला प्रश्न होता गरम वाफांचा.