हातातलं पत्र आणि मनातली नोकरी

गेल्या रविवारी फोंड्याला बहिणीकडे गेलो होतो. जेवणं झाली, आणि भाचीने एक कागद माझ्यापुढे धरला. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीचं नेमणूकपत्र! एम.एस्सी. झालेल्या मुलीला प्रयोगशाळेत केमिस्टची जागा. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. होकार कळवायची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत.

मी म्हटलं, "बाय, मग पेढे कुठे आहेत?" ती गप्प. उत्तर दिलं आमच्या मेव्हण्यांनी. "घाई कसली? सरकारी एलडीसीच्या परीक्षेला बसलीय ती. निकाल लागू दे. खात्रीची नोकरी सोडून कंपनीत कशाला जायचं?"

मंडळी, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. जिचं पत्र हातात आहे ती नोकरी बेभरवशाची, आणि जिचा निकालसुद्धा लागलेला नाही ती 'खात्रीची'! गोव्यातल्या कित्येक घरांत हे वाक्य रोज बोललं जातं आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं, म्हणून हा लेख.

आधी मेव्हण्यांची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. ज्यांच्या बापजाद्यांनी भाटकाराच्या दारात मान खाली घालून दिवस काढले, त्यांची मुलं मास्तर झाली, कारकून झाली. त्या पिढीसाठी सरकारी नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता, ताठ मानेने उभं राहणं होतं. माझे वडील त्यांतलेच. हे मी कसं विसरू?

आणि खासगीचा भरवसा काय, हेही आपण पाहिलंय. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या, तर 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली, सांगे, धारबांदोडा... तिथे ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांना जाऊन विचारा. ट्रक दारात उभा आणि बँकेचा हप्ता चालू! ज्याने हे पाहिलं, तो सरकारी नोकरीकडे आशेने बघणारच.

पण इथेच आपली गफलत होते. 'नोकरी मिळाल्यावर ती टिकेल का?' हा एक प्रश्न. 'नोकरी मिळेल का?' हा दुसरा. सरकारी नोकरी टिकते, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तेच उत्तर आपण दुसऱ्या प्रश्नाला चिकटवून मोकळे होतो. मिळाल्यावर सुटत नाही म्हणजे मिळणारच, असं थोडंच आहे? लॉटरीचं बक्षीस मोठं असतं म्हणून तिकिटाला कुणी 'खात्रीचं' म्हणत नाही.

बरं, मिळाल्यावरची खात्री तरी तीच राहिली आहे का? मेव्हण्यांच्या तोंडी सारखा शब्द येतो तो पेन्शनचा. त्यांना मिळते ती जुनी पेन्शन. केंद्र सरकारात 1 जानेवारी 2004 पासून आणि आपल्या गोव्यात 2005 सालापासून लागलेल्यांना ती नाही. त्यांच्या पगारातून दर महिन्याला वर्गणी कापली जाते. बाप स्वतःच्या नोकरीकडे बघून मुलीला सल्ला देतो, पण मुलीला मिळणारी नोकरी ती नव्हेच.

आता वाट पाहण्याची किंमत. ती कुणी मोजत नाही, म्हणून स्वतःची सांगतो. मला ऐन तारुण्यात म्हापशाच्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम चालून आलं होतं. त्याच सुमारास एका सरकारी खात्यात माझी मुलाखत झाली होती. घरच्यांनी सांगितलं, थांब. थांबलो. तीन वर्षं! यादी लागलीच नाही. या तीन वर्षांत पैसे बुडाले त्याचं फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते याचं की मी हळूहळू 'काय करतोस?' या प्रश्नाला भिऊ लागलो. लग्नाकार्याला जाणं टाळलं. चवथीला घरी पाहुणे आले की मागच्या दाराने बाहेर पडू लागलो. शिकलेलं विसरलो ते वेगळंच. केमिस्ट्रीसुद्धा हाताने करायची विद्या आहे. दोन वर्षं प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेल्या मुलीला पुढे कोण विचारणार?

शिवाय वाट पाहणाऱ्यांभोवती गिधाडं जमतात. 2024 साली सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या. दागिने गहाण टाकून पैसे देणारे आईबाप काही मूर्ख नव्हते. 'खात्री' विकत मिळते असं त्यांना कुणीतरी पटवलं, आणि ते पटलं, कारण त्यांना दुसरं काही नोकरी वाटतच नव्हतं.

मग सरकारी नोकरीचा नाद सोडायचा? मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की हातातलं पत्र स्वीकारा आणि परीक्षा देत राहा. आता 2019 च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला आहे. परीक्षेला बसताना तुम्ही घरी बसून आहात की नोकरी करता, याने गुणांत फरक पडत नाही. "नोकरी लागली की अभ्यास होत नाही" म्हणतात. थोडा कमी होतो, कबूल. पण घरी बसलेल्याचा होतो असा माझा तरी अनुभव नाही! उद्या सरकारी पत्र आलंच, तर कंपनीला रीतसर नोटीस द्यावी, तेवढे दिवस मन लावून काम करावं आणि निघावं. यात फसवणूक नाही.

आणि थांबायचंच असेल, तर तारीख ठरवून थांबा. अमुक महिन्यापर्यंत, पुढे नाही. कॅलेंडरवर खूण करा आणि ती घरातल्या सगळ्यांना दाखवा. तारीख नसलेली वाट म्हणजे नुसतं बसणं.

हे सगळं मी त्या दिवशी बोललो. मेव्हणे रागावले, "भावोजी, तुमचं काय जातं सांगायला?" म्हणाले. खरं आहे, माझं काही जात नाही. जायचं ते माझं केव्हाच गेलं, म्हणून तर सांगतो. निघताना भाची फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "मामा, हांव कितें करूं?"

मी म्हटलं, "बाय, ठरवायचं तूच. पण शुक्रवार संपायच्या आत ठरव. तू नाही ठरवलंस, तर मुदतच ठरवून टाकील."