प्रयोगवहीतून : फुकटचे फिजिक्स आणि कॅरमची सोंगटी



गेल्या अंकात आम्ही जड पाण्यात डाळ लवकर का शिजत नाही यावर लिहिले होते. त्यावर तीन फोन आले, पैकी दोन कुकरच्या रिंगा कुठे मिळतात हे विचारणारे. असो. या खेपेचा विषय स्वयंपाकघरातला नसून तळघरातला आहे. आपल्या मंडळातली हायस्कुलात जाणारी चार मुले-मुली गेले काही महिने एका तळघरात बसून कॅरमचा कॉम्प्युटर गेम तयार करीत आहेत. तो दोन डॉलरला विकायचा त्यांचा बेत आहे.

त्यांतल्या एकीच्या वडिलांनी संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्हांला तिळगुळासकट बाजूला घेतले. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सायन्सवाले, तुम्हीच सांगा. ही पोरं कुणाचं तरी फिजिक्सचं सॉफ्टवेअर फुकट घेतात आणि त्यावर केलेला गेम विकणार म्हणतात. उद्या वकिलाची नोटीस आली तर सही कुणाची? बापाची!" ज्यांनी व्हिसाच्या कागदांवर आयुष्याची काही वर्षे काढली आहेत त्यांना अशी भीती वाटणे अगदी रास्त आहे. म्हणून आम्ही तो परवाना मुळातून वाचला, आणि मग नादाला लागून पुढचेही बरेच वाचले.

आधी ही वस्तू काय ते सांगतो. गेममध्ये चेंडू उसळतो, भिंत कोसळते, गाडी खड्ड्यात आपटते. हे सगळे क्षणाक्षणाला गणित करून दाखवावे लागते. ते गणित करणारा तयार भाग म्हणजे फिजिक्स इंजिन. चित्रे, आवाज, गुण मोजणे हे गेम करणाऱ्याने पाहायचे. कोणती वस्तू कुठे आहे, किती वेगाने चालली आहे आणि कुणावर आदळली, एवढेच इंजिन सांगते. ते सेकंदाचे बहुधा साठ तुकडे करते. प्रत्येक तुकड्यात जोर पाहून वेग बदलायचा, कोण कुणाला भिडले आहे ते शोधून वेग दुरुस्त करायचे, आणि त्या नव्या वेगाने वस्तू थोडी पुढे सरकवायची. क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या वेगाने वस्तू सरकवली आणि मग वेग बदलला, तर स्प्रिंगला टांगलेले वजन दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा कुठून तरी कमावते आणि शेवटी पडद्याबाहेर निघून जाते.

आपल्या पोरांच्या गेममागचे इंजिन आहे बॉक्स-टूडी. एरिन कॅटो या अमेरिकन गृहस्थांनी ते लिहिले. यांनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिक्समध्ये डॉक्टरेट केली आणि पुढे गेम कंपन्यांत नोकरी धरली. (डॉक्टरेट करून गेम! आमच्या आईला हे सांगायची आमची छाती नाही.) २००६ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये टक्करीचे गणित सोप्या रीतीने कसे सोडवावे हे समजावून सांगताना त्यांनी नमुन्यादाखल एक छोटा प्रोग्रॅम दिला. लोकांना तो इतका आवडला की २००७ साली त्याचे पूर्ण इंजिन होऊन बाहेर पडले, फुकट, आतल्या सगळ्या कोडसकट. तेव्हा मोठ्या कंपन्या वापरीत ती इंजिने बहुधा विकत घ्यायची असत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १९९८ साली निघालेले हॅवॉक हे त्यांतले नावाजलेले. तळघरातल्या माणसाला तो खर्च कुठून परवडणार?

आता परवाना. बॉक्स-टूडीचा जुना परवाना झेड-लिब या नावाचा होता, आणि पोरे ज्या साधनातून ते वापरतात त्यात जुनीच आवृत्ती आहे. तो परवाना जेमतेम अर्धे पान भरेल. वापरा, बदला, विका, पैसे मागणार नाही. त्यापुढे तीन गोष्टी. मूळ आपणच लिहिले असे म्हणू नये. बदल केला तर हे मूळ नव्हे असे स्पष्ट सांगावे. आणि मूळ कोडमधली परवान्याची चिठ्ठी काढून टाकू नये. गेमच्या कागदपत्रांत लेखकाचा उल्लेख केलात तर आनंद होईल, पण सक्ती नाही, असेही त्यात लिहिले आहे. २०२० पासूनच्या आवृत्त्यांना एमआयटी परवाना आहे. त्यात मात्र हक्काची आणि परवान्याची चिठ्ठी प्रत्येक प्रतीसोबत जायला हवी. म्हणजे वडिलांना उत्तर असे: सोबतची परवान्याची फाईल जागच्या जागी राहू द्या, नोटीस येण्यासारखे यात काही नाही.

पण फुकट मिळाले म्हणून काम संपत नाही. कॅरमने पोरांना जो घाम फोडला तो आम्ही जवळून पाहिला.

पहिली अडचण मापाची. बॉक्स-टूडी मीटर, किलो, सेकंद यांत विचार करते, आणि हलणारी वस्तू साधारण दहा सेंटिमीटर ते दहा मीटर एवढी असेल असे धरून बेतलेले आहे. कॅरमची सोंगटी जेमतेम तीन सेंटिमीटरची. ती तशीच दिली तर इंजिन ज्या फटी आणि चुका खपवून घेते त्या सोंगटीच्या मानाने डोळ्यांत भरतात. उलट पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक मीटर धरला तर सोंगटी बंगल्याएवढी होते आणि सगळे संथपणे तरंगत चालते. हे नवशिक्यांचे नेहमीचे दुखणे. पोरांनी ७४ सेंटिमीटरचा बोर्ड ७ मीटर ४० सेंटिमीटरचा केला, म्हणजे सगळे दहापट. मग वेग दहापट हवा, आणि घर्षणाने वेग कमी होण्याचा दरही दहापट. हे शेवटचे त्यांच्या लक्षात यायला एक आख्खा शनिवार गेला.

दुसरी अडचण गमतीची. जोरात मारलेला स्ट्रायकर सेकंदाला पाच मीटर जातो असे धरा. साठाव्या हिश्शात तो आठ सेंटिमीटरहून जास्त सरकतो. स्ट्रायकर आणि सोंगटी यांचे व्यास मिळून सात-सव्वासात सेंटिमीटर. म्हणजे या क्षणी स्ट्रायकर सोंगटीच्या अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, आणि मधे टक्कर झालीच नाही! एकाने तर मला "काका, घोस्ट स्ट्रायकर" म्हणून दाखवलाच. इंजिनात याची सोय आहे: वेगवान वस्तूवर 'बुलेट' अशी खूण करायची, म्हणजे तिचा मधला प्रवासही तपासला जातो. सगळ्यांवर ही खूण केली तर गणित वाढते, म्हणून फक्त स्ट्रायकरवर.

तिसरी अडचण आम्हांला सगळ्यात आवडली, कारण ती रसायनशास्त्राच्या अंगणात येते. बॉक्स-टूडी जग बाजूने पाहते. खाली जमीन, वर आभाळ. कॅरम आपण वरून पाहतो. मग सोंगटीखालच्या पाटाचे घर्षण इंजिनाला ठाऊकच नाही. पोरांनी सुरुवातीला 'डॅम्पिंग' नावाची तयार कळ वापरली. त्यात वस्तू जितकी वेगात, तितकी तिला अडवणूक जास्त. खेळून पाहिले तर सोंगटी शेवटी शेवटी गोगलगायीसारखी रांगत राहायची, थांबेचना. मुले म्हणाली, बोर्ड ओला वाटतो. बरोबरच आहे! ते पाण्यातले घर्षण झाले. कोरड्या पाटावर अडवणुकीचा जोर जवळपास ठराविक असतो, वेग काही असो. त्यामुळे वेग दुप्पट केला तर सोंगटी चौपट अंतर जाते. डॅम्पिंगमध्ये ती दुप्पटच जाते. लहानपणापासून कॅरम खेळलेल्या माणसाच्या बोटांना हा फरक चटकन कळतो, त्याला समीकरण लागत नाही. आणि बोरिक पावडर काय करते? बोरिक ॲसिडचे रेणू पत्र्यांसारख्या थरांत बसलेले असतात. थरातल्या थरात घट्ट बंध, पण थराथरांत अगदी क्षीण ओढ. म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. पावडर टाकली म्हणजे तो ठराविक जोर कमी होतो, त्याची जात बदलत नाही. या कामासाठी इंजिनात एक तयार जोडणी आहे, पण पोरांनी हट्टाने ते घर्षण स्वतः लिहिले. पंधरा-वीस ओळी. त्यांत एक मेख अशी की थांबायच्या क्षणी जोर बंद केला नाही तर सोंगटी उलटी चालू लागते. गेममध्ये 'पावडर' असे बटणही त्यांनी ठेवले आहे.

चौथी अडचण सुटलेली नाही. एकोणीस सोंगट्या चिकटून मांडलेल्या असतात आणि स्ट्रायकर बरोबर मधोमध बसतो. इंजिन एकेक स्पर्श क्रमाने सोडवत जाते आणि तीच फेरी पुन्हा पुन्हा मारते. त्यामुळे यादीतला क्रम बदलला की फोडही थोडी बदलते, आणि अगदी सरळ मारूनही डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी फुटत नाही. आमच्या मते खऱ्या बोर्डावर तरी कुठे फुटते? तेव्हा हे असेच राहू द्यावे.

इथे एक आडवळण घेतो. १९६७ साली लू व्हर्ले या फ्रेंच शास्त्रज्ञाने ८६४ कणांचे द्रव आर्गॉन कॉम्प्युटरवर हलवून पाहिले. त्याने वापरलेली पायरी-पायरीने पुढे जाण्याची रीत रेणूंचा अभ्यास करणाऱ्या आम्हां मंडळींच्या अगदी रोजच्या वापरातली. तीच रीत २००० साली 'हिटमॅन' या डॅनिश गेममध्ये, कोसळणारी माणसे नैसर्गिक दिसावीत म्हणून वापरली गेली, आणि थॉमस जेकबसन यांनी २००१ साली ती सगळ्यांना समजेल अशी लिहून काढली. आर्गॉनच्या अणूंपासून धाडकन पडणाऱ्या पहारेकऱ्यापर्यंत! ही माहिती आम्ही पोरांना फार उत्साहाने सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते. गेम तयार होत आला तेव्हा शेवटच्या पडद्यावर नावे काय घालायची यावरून वाद झाला. एका मुलाचे म्हणणे, "इतकी नावं घातली तर आम्ही काय केलं असं लोक विचारतील." त्याच्या घरून आणखी एक सूचना आली: कॉलेजच्या अर्जात 'संपूर्ण गेम स्वतः तयार केला' असे लिहावे, इंजिनचे नाव कशाला? सगळेच असे लिहितात म्हणे.

आम्ही त्यांना २०११ सालची गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच कॉन्फरन्समध्ये 'अँग्री बर्ड्स'वाल्या रोव्हिओ या फिनलंडच्या कंपनीचे भाषण होते. २००९ च्या डिसेंबरात आलेला तो गेम तोवर जगभर पोचला होता. भाषणानंतर श्रोत्यांतून एकाने विचारले, कोणते फिजिक्स इंजिन वापरता? उत्तर आले, बॉक्स-टूडी. मग त्याने विचारले, गेममध्ये त्याचा उल्लेख करण्याचा विचार कराल का? आणि सांगितले, मी एरिन कॅटो, ते मी लिहिले आहे. रोव्हिओने कोणताही नियम मोडला नव्हता. सक्ती नाही असे परवान्यातच होते. तरी पाखरू गलोलीतून सुटून डुकरांच्या मनोऱ्यावर आदळते, त्या आदळण्याचे गणित ज्याचे, त्याला उभे राहून मागावे लागले. आपल्या मंडळात गणपतीच्या आभारप्रदर्शनात मोदकवाल्यांचे नाव राहिले म्हणून दोन वर्षे न बोलणारी घरे आम्हांला ठाऊक आहेत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

अर्जाबद्दल आमचे मत आम्ही त्या घरी स्पष्ट सांगून आलो. 'संपूर्ण स्वतः' हे खोटे आहे, आणि जुन्या परवान्याची जी पहिलीच अट, तीच त्याने मोडते. शिवाय अर्ज वाचणाऱ्याला गेममधले काही कळत असेल तर तो आधी हेच विचारील की इंजिन कोणते. तयार इंजिनात पाटाचे घर्षण नव्हते, ते आम्ही असे बसवले, हे सांगणारा मुलगा आम्ही आमच्या प्रयोगशाळेत तरी लगेच घेऊ. वडील गप्प राहिले. आईने चहा टाकला. अर्जाचे काय झाले ते आम्ही पुन्हा विचारले नाही.

आणखी कुणाची मुले या खटाटोपात असतील तर एवढे सांगून ठेवतो. वरून किंवा बाजूने दिसणाऱ्या सपाट गेमसाठी बॉक्स-टूडी. खोली असलेल्या गेमसाठी बुलेट आहे, त्याच्या कर्त्याला, एर्विन कूमन्स यांना, चित्रपटांतल्या वापराबद्दल २०१५ साली ऑस्करवाल्यांचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. नव्यांपैकी जोल्ट चांगले. ते योरिट राऊव्हे यांचे, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' या मोठ्या गेममध्ये वापरलेले, आणि २०२५ पासून गोडो या फुकट गेम-साधनातही आलेले. एनव्हिडियाच्या फिजएक्सचा कोडही २०१८ साली खुला झाला. प्रत्येकाचा परवाना डाउनलोड करण्याआधी वाचावा. जास्तीत जास्त दहा मिनिटे लागतात.

शेवटच्या पडद्यावर सध्या चौघांची नावे आहेत, त्याखाली बॉक्स-टूडी आणि एरिन कॅटो, आणि त्याखाली राणी घेतल्यावर 'कव्हर' लगेच द्यावे लागते हा नियम तीनदा समजावणारे एका मुलीचे आजोबा. पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणानंतर हॉलच्या मागच्या खोलीत गेम मांडून ठेवणार आहोत. ज्यांच्या घरी खरा बोर्ड असेल त्यांनी कृपया आणावा, दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची आहे. बोरिक पावडर आम्ही आणू.