बांडगुळाची कैफियत

महाबळेश्वर-भीमाशंकरच्या माथ्यावरील दाट रानांत विगर्सचा सूर्यपक्षी नावाचा एक बोटभर शिंजीर राहतो; नराचा कंठ व वक्ष रक्तवर्ण, त्यावर पिवळ्या रेषा, मस्तकावर हिरवी धातूची झळाळी, आणि पश्चिम घाट सोडला तर जगात त्याचे वास्तव्य कोठेही नाही. मुंबई सरकारच्या हुकुमाने दख्खनच्या मुलखाची शेती, महसूल व माणसे मोजत हिंडणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या दफ्तरातला बाकीचा मजकूर आज किती जण वाचतात कोण जाणे. पक्षी मात्र साइक्सने चांगला टिपला.

आजचे दफ्तर लावलेली रोपे मोजते. शिंजिराचा जमाखर्च त्या आकड्यांत बसत नाही, कारण मधावर जगणाऱ्या जिवाला एक फुलोरा ओसरताच दुसरा हाताशी लागतो, आणि पांगारा-काटेसावरीचा बहर काही वर्षभर पुरत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्यांत बांडगुळाचा वाटा मोठा आहे. सालिम अली यांनी १९३१ साली कोकणातील बांडगूळ, शिंजीर व फुलटोच्या यांच्या परस्परसंबंधांवर लेख लिहिला. शिंजीर मधासाठी फुलात चोच घालतो आणि पराग वाहून नेतो; पुढे फळ पिकले की फुलटोच्या ते गिळतो व त्याची चिकट बी फांदीला पुसून टाकतो, तेथेच नवे बांडगूळ रुजते. एकाने लग्न लावावे व दुसऱ्याने बिऱ्हाड थाटून द्यावे, असा हा कारभार!

आंब्याच्या बागाइतदाराने बांडगूळ अवश्य छाटावे. त्याच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे, आणि या उपद्रवी वनस्पतीची बाजू घेऊन त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु देवराईचे सुशोभीकरण करणाऱ्यांनी व डोंगरावरील बंगल्यांभोवतीचे रान ‘स्वच्छ’ ठेवणाऱ्यांनी बागेचा न्याय जंगलाला का लावावा? बांडगूळ झाडाचे पाणी व क्षार घेते हे खरेच, पण त्याची पाने हिरवी असतात व आपले अन्न बव्हंशी तीच शिजवतात. तेव्हा रानातील कोणत्याही कामाच्या मंजुरीपूर्वी तेथील फुलोऱ्यांची, बांडगुळासकट, महिनेवार नोंद सक्तीची करावी, आणि ज्या कामामुळे एखाद्या महिन्याचा रकाना रिकामा पडणार असेल ते काम नामंजूर व्हावे.