डेव्हीचा दिवा आणि स्की बोटीतली ठिणगी

१/ इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत १८१२ च्या मे महिन्यात स्फोट झाला आणि ९२ माणसे व मुले दगावली. खाणीतला ज्वलनशील वायू आणि कामगारांच्या उघड्या ज्योती यांची गाठ पडली होती. या घटनेनंतरच्या चळवळीतून हम्फ्री डेव्हीकडे प्रश्न गेला आणि १८१५ साली त्याने उत्तर दिले. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी हवी. जाळीतून वायू आत जातो, पण बाहेर येऊ पाहणाऱ्या ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती जाळीपाशीच विझते.

२/ आजचा विषय अमेरिकेतल्या तळ्यांवर धावणारी, आत इंजिन बसवलेली स्की बोट आणि तिच्या ठिणगीची निगा. खाणीपासून सुरुवात का केली, ते पुढे कळेलच.

३/ मिनेसोटातील लेक पेपिन या सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन हा अठरा वर्षांचा तरुण लाकडी फळ्या पायांना बांधून बोटीमागे उभा राहिला, आणि वॉटर स्कीइंगचा खेळ जन्माला आला. पुढे या खेळासाठी खास बोटी घडल्या. मागची लाट कमी उठावी म्हणून त्यांच्यातील अनेकींचे इंजिन बोटीच्या मध्यभागी, एका झाकणपेटीत बसवतात. म्हणजे त्या पेटीला टेकून मुले बसतात. हे लक्षात असू द्यावे.

४/ इंजिन बहुधा मोटारीचेच. फोर्डचे ३५१ घनइंची व्ही-८ अशा बोटींत वर्षानुवर्षे बसवले गेले. ठिणगीची व्यवस्थाही मोटारीचीच, चार्ल्स केटरिंगने ओहायोतील डेटन येथे सिद्ध केलेली आणि १९१० च्या कॅडिलॅकपासून रूढ झालेली : बॅटरी, कॉइल, कन्डेन्सर, पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर. पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो, उच्च दाब निर्माण होतो, आणि रोटर तो एकेका प्लगकडे पोहोचवतो. आठ सिलिंडरांच्या इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे धरले, तर सेकंदाला २०० ठिणग्या.

५/ ज्यांनी जुनी बजाज स्कूटर पाळली आहे त्यांना पॉइंट, प्लग आणि पॉलिश पेपर यांचे नाते सांगायला नको. तंत्र तेच. पॉइंट ज्या टाचेवर कॅमला घासतो ती झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी मागे पडते. म्हणून हंगामाच्या आरंभी फट फीलर गेजने मोजायची (अशा व्ही-८ मध्ये साधारण ०.४ मिलिमीटर, अचूक आकडा पुस्तिकेतलाच घ्यावा), कॅमवर ग्रीसचा केवळ ठिपका द्यायचा, आणि मग टायमिंग लाइटने वेळ तपासायची. पॉइंटवर खड्डे पडत असतील तर संशय कन्डेन्सरवर घ्यावा.

६/ एक गंमत सांगतो. काही बोटींत हेच इंजिन उलट दिशेने फिरते. मोटारीच्या पुस्तकातला १-३-७-२-६-५-४-८ हा क्रम तिथे १-८-४-५-६-२-७-३ असा होतो. म्हणून प्लगच्या तारा बदलताना एकावेळी एकच काढावी; साऱ्या एकदम उपटणाऱ्याची दुपार वाया गेलीच म्हणून समजा.

७/ आता माझे मत, आणि ते वादग्रस्त आहे याची मला कल्पना आहे. ‘इंजिन मोटारीचे, मग डिस्ट्रिब्यूटरही मोटारीच्या दुकानातला स्वस्त का नको?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. दिसायला दोन्ही सारखे असतात, बोट चालतेही. पण मोटारीखाली रस्ता असतो. पेट्रोलची वाफ खाली पडते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीखाली बंद तळ असतो. वाफ हवेहून जड, ती तिथेच साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले की तिला एक ठिणगी पुरते, आणि आपण तर सेकंदाला २०० पुरवत आहोत.

८/ बोटीच्या डिस्ट्रिब्यूटरच्या हवेच्या छिद्रांवर म्हणूनच बारीक जाळी असते. आत भडका उडालाच तर तो आतच विझावा. डेव्हीचा दिवा तो हाच! कार्ब्युरेटरवरची ज्वालारोधक जाळीही त्याच कुळातली. ती अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला सक्तीची आहे. बोटीच्या मागे बाहेर लटकणारी इंजिने तेवढी वगळली आहेत. १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्याखाली पुढे जे नियम आले, त्यांनी इंजिनकक्षातील विद्युत भागांनाही हा दंडक लावला.

९/ परंतु विद्युत भागांचे ते नियम बोट बांधणाऱ्याला बांधतात. वीस वर्षांनी तिसऱ्या मालकाने दुकानातून काय आणून लावले, हे कोण पाहतो? मला वाटते, मोटारीच्या डिस्ट्रिब्यूटरच्या खोक्यावर ‘बोटीसाठी नाही’ ही ओळ ठळक छापलेली असावी. स्वातंत्र्यावर घाला वगैरे म्हणणाऱ्यांनी पेटीला टेकून बसलेली मुले आठवावीत. त्यांनी तो भाग निवडलेला नसतो.

१०/ इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा विरोध नाही. पॉइंटच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांत मी नाही; ते जाऊ द्यावेत, फक्त बदली संच बोटीसाठीचा असावा. तक्रार वेगळीच आहे. पॉइंट गेले की झाकण उघडण्याचे निमित्तही जाते. झाकणातील कार्बनच्या बारीक रेघा, टर्मिनलवरचा हिरवा गंज, रोटरचे जळालेले टोक आणि ती जाळी, हे पाहणारा कोणी उरत नाही. खाणीत हेच झाले होते. दिवा आला म्हणून वायूने भरलेले धोक्याचे भाग पुन्हा खणले गेले, आणि गंजलेल्या, फाटलेल्या जाळ्यांनी स्फोट होतच राहिले.

११/ तेव्हा, इलेक्ट्रॉनिक असो वा नसो, वर्षातून एकदा झाकण उघडावे. जाळी फुंकून स्वच्छ करावी, काढून टाकू नये. टायमिंग पाहण्यापूर्वी पेटी उघडावी, तळाशी नाक नेऊन वास घ्यावा, ब्लोअर किमान ४ मिनिटे चालवावा. टायमिंग लाइटचे चिमटे बॅटरीला इंजिन सुरू होण्यापूर्वीच लावावेत, कारण लावताना तेही ठिणगी टाकतात. आणि बोट ट्रेलरवर असेल तर थंडाव्यासाठी पाण्याची नळी आधी जोडावी. कोरड्या पंपाचे रबरी पाते काही क्षणांत जळते, आणि मग दुसऱ्याच दुरुस्तीचा विषय निघतो.