नुसता दूधभात मांजराला पुरत नाही

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले. गोळ्या लिहून दिल्या तरी उठेनात. शेवटी संकोचाने म्हणाले, "डॉक्टर, आमची मनी हल्ली भिंतीला धडकते. डोळ्यांत घालायला काही थेंब देता का?"

मी माणसांचा डॉक्टर. तरीही सवयीने विचारले, "खायला काय देता?"

"उत्तम देतो. सकाळी दूधपोळी, रात्री दूधभात. आमच्या घरात मांसाहार नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे खाली सोडत नाही."

थेंब न देता मी त्यांना पशुवैद्यांकडे पाठविले. मनीच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असे त्यांनी सांगितले. कारण होते आहार.

गुरुजींना दोष देण्याचा अधिकार मला नाही. आमच्या जुन्या वाड्यातले मांजर दूधभातावर पोसले जाते, असे आम्हीही समजत होतो. प्रत्यक्षात धान्याच्या कोठीतले उंदीर आणि परसातल्या पाली हे त्याचे खरे जेवण होते. आमची वाटी म्हणजे वरचा घास. आता मांजर फ्लॅटमध्ये आले, दार बंद झाले, उंदीर गेले आणि उरला तो फक्त वरचा घास.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. ही त्याची आवड नाही, शरीराची रचना आहे. आपण गाजरातून अ जीवनसत्त्व मिळवतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य आपले शरीर तयार करते, मांजराच्या शरीरात ते पुरेसे बनत नाही. टॉरिन मिळते मांस-मासळीतून. धान्यात ते नसते आणि गाईम्हशीच्या दुधात अगदी नगण्य. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखविले, की याच अभावाने हृदयाचा स्नायूही दुबळा होतो. टॉरिन दिल्यावर हृदय सावरू शकते, डोळा मात्र सावरत नाही. हे सारे महिनोन्महिने गुपचूप चालते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

मग द्यावे काय? चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. सर्वांत सोपे म्हणजे तयार खाणे. पाकिटावर ते 'संपूर्ण आहार' असल्याचे आणि त्यात टॉरिन असल्याचे पाहून घ्यावे. कुत्र्याचे खाणे मांजराला चालत नाही. कोरड्या दाण्यांत पाणी फार थोडे असते, म्हणून पाण्याची वाटी भरलेली हवी. बोका लघवीला जोर करतो आणि थेंबही होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

घरचे द्यायचे तर कोंबडीचे मांस किंवा मासे बिनमिठाचे शिजवून, काटे-हाडे काढून द्यावेत. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये. कोंबडीचे काळीज आठवड्यातून एकदोनदा, थोडेसेच. परंतु नुसत्या मांसात कॅल्शियम कमी पडते. रोज घरचेच देणार असाल तर पशुवैद्यांकडून पूरक औषध लिहून घ्यावे. कच्चे मांस टाळावे. त्यातून मांजराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते आणि घरात गर्भवती असेल तर तिलाही धोका असतो.

कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, तो देऊ नये. दुधाने अनेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करू नये. दोनतीन दिवसांच्या उपासानेही त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतते. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. आपल्याला उतार देणारी ती गोळी मांजराला विष आहे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. घरात मांस न आणणे हा तुमचा आचार आहे, त्याचा मला आदर आहे. परंतु तो आचार मांजरावर लादणे ही भूतदया नव्हे. मांस घरी शिजवणे नको असेल तर तयार खाणे आणावे. तेही पटत नसेल, तर मांजर घरात कोंडून पाळू नये. गाय पाळून तिला मटण घालणारा माणूस आपल्याला वेडा वाटेल. मांजराला जन्मभर दूधभात घालणारा मात्र प्रेमळ वाटतो. दोघांची चूक एकच आहे.

गुरुजींनी त्याच आठवड्यात तयार खाणे आणले. सुरुवातीला नाकाला पदर लावणाऱ्या त्यांच्या पत्नी आता स्वतः मनीची वाटी भरतात. मनीला ती वाटी दिसत नाही, वासाच्या मागावर ती बरोबर येते. ज्यांच्या मांजराला अजून दिसते आहे, त्यांनी आजच तिच्या वाटीत काय आहे ते पाहावे.