येलदरीला बाग नको, दुर्बीण द्या

येलदरी धरणाचं पाणी ओसरलं की आम्ही काठावर गाळपेरा करतो. ओलीवरच हरभरा निघतो. त्याच चिखलात हिवाळ्यात थव्यानं बदकं उतरतात, कोवळे कोंब खातात. दोन-चार तास जातात. राग येतो, खोटं कशाला बोलू!

पण पर्यटन म्हटलं की लोकांना बाग, मोटारबोट अन् सेल्फी पॉइंटच सुचतो. काठ सिमेंटनं बांधला तर पक्षी चरणार कुठं? त्यांचं ताट म्हणजे तो उथळ चिखलच.

निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर बघा. गोदावरी-कादवा संगमाजवळचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, गाळानं उथळ झालेला. त्याच गाळावर पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य झालं, २०१९ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण ठरलं. आज चापडगावला गावातलीच पोरं गाइड म्हणून पक्षी दाखवतात.

आपल्या जिंतूरकडच्या पोरांनाबी हे जमेल. मात्र आधी खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई ठरवा, तिकिटाच्या पैशातून. नाहीतर पाखरांवर गोफण फिरवायला आम्हीच पहिले असू.